खांदा बरा होईस्तोवर

कवडूजींचं सायकलवर बसणं पाहण्यासारखं असायचं. दोन्ही हातांनी हँडल धरायचं, डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्या पायाने जमिनीवर तीन उड्या मारायच्या आणि चौथ्या उडीला मागून टांग टाकून सीटवर असं टेकायचं की स्प्रिंगही कुरकुरू नये. रोहण्याच्या कापसाच्या जिनात ते तेलवाले होते. सरकी काढायची यंत्रं ज्या लांब दांड्यावर चालतात, त्या दांड्याला शिडीवर उभं राहून, हात डोक्याच्या वर नेऊन तेल द्यायचं हे त्यांचं काम. हाताला तेलाची सवय, म्हणून सायकलही तशीच ठेवलेली. अंगाला घासून गेली तरी कळायची नाही. त्या काळी माझीही सायकल होती. ती दोन शेतांपलीकडून ऐकू यायची आणि लोक म्हणायचे, डाक्टर येऊन राह्यला.

डॉक्टर मी कधीच नव्हतो. रोहण्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाऊंडर होतो, वय सव्वीस, काम औषधाच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवण्याचं. पण खरे डॉक्टर आर्वीहून आठवड्यातून दोनदाच यायचे. बाकीचे दिवस मीच डॉक्टर, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. कवडूजी माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना ‘कवडू’ म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. कारण मी कुणब्याच्या घरचा, पाटलाच्या नात्यातला, आणि ते गावाच्या उगवतीकडच्या वस्तीतले. लिहिताना तेवढी दुरुस्ती करून घेतो आहे.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. रोहण्यापासून दोन कोसांवर आहे एवढं पुरे. पाटलाची नातवंडं अजून तिथे राहतात आणि माणसं चांगली आहेत.

तर गावात एक रीत होती. वस्तीतून रोहण्याला जायची वाट पाटलाच्या घरासमोरून जायची. घरासमोर पार, पारावर सकाळ-संध्याकाळ अण्णाजी पाटील बसलेले. वस्तीतल्या माणसाने अलीकडच्या कडुनिंबापाशी सायकलवरून उतरायचं, तेल्याच्या घरापर्यंत सायकल हातात धरून चालायचं आणि मग पुन्हा बसायचं. साठ पावलं. मी मोजली आहेत, पण फार उशिरा मोजली. गावात पहिली सायकल येऊन पुरती वीस वर्षंही झाली नव्हती, पण रीत मात्र म्हणे बापजाद्यांपासूनची! वस्तीत सायकली दोनच होत्या. एक कवडूजींची, दुसरी त्यांचे साडू रामाजी यांची. दोघेही जिनातले, दोघेही रोज जाता-येता उतरायचे.

छपन्न सालच्या दसऱ्याला वस्तीतली एकोणीस माणसं नागपूरला गेली आणि पांढऱ्या कपड्यांत, दीक्षा घेऊन परत आली. आल्यावर बैठक झाली. मेलेलं ढोर यापुढे ओढायचं नाही, घरात देव ठेवायचे नाहीत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पाटलाच्या घरासमोर उतरायचं नाही, ही गोष्ट कवडूजींनी मांडली. ज्याने मांडली त्यानेच सुरुवात करावी असं ठरलं, आणि ते रास्तच होतं.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. पहिल्या दिवशी कवडूजी कडुनिंबापाशी न उतरता सरळ गेले, तर पारावर कोणाला पत्ताच लागला नाही. सायकलला आवाज असता तर लागला असता! दुसऱ्या दिवशी लागला. तिसऱ्या दिवशी पाटलाच्या गड्यांनी वाटेत बैलगाडी आडवी लावली. कवडूजींनी सीटवरूनच गाडीला वळसा घातला आणि पुढे गेले. ‘पाहून घेतो’ एवढंच अण्णाजी म्हणाले. कवडूजींचं निभलं की पंधरा दिवसांनी रामाजींनीही उतरणं सोडायचं, असा वस्तीचा बेत होता. सगळं गाव आता काय होतं म्हणून बघत होतं.

आणि नेमका तेव्हाच कवडूजींचा उजवा खांदा धरला.

सुरुवात डिसेंबरात झाली, बाबासाहेब गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात. आधी नुसती कळ यायची. मग त्या कुशीवर झोपता येईना. महिन्याभरात हात असा आखडला की केस विंचरता येईनात, धोतराचा काष्टा खोचायला हात मागे जाईना, सदऱ्याची बाही त्यांच्या बायकोने, धुरपताबाईंनी, ओढून द्यायची. शिडीवरचं काम सुटलं. जिनात त्यांना पोती शिवायला बसवलं. सायकल मात्र त्यांनी सोडली नाही, कारण हँडलपर्यंत हात पोचत होता. अडचण चढण्याची होती. उड्या मारताना सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून वस्तीच्या टोकाला असलेल्या दगडावर उभं राहून ते टांग टाकायचे आणि एकदम जिनाच्या ओट्याला टेकूनच उतरायचे. मधे उतरले तर पुन्हा चढायची सोय नव्हती.

ही गोष्ट अण्णाजींच्या कानावर गेली. माणूस दुष्ट नव्हता, हुशार होता. जानेवारीतल्या एका सकाळी मी पारावर ऊन खात बसलो होतो. तिकडून कवडूजी येताना दिसले तसं अण्णाजींनी मला विचारलं,

“वासुदेव, तू तं डाक्टर. कवडूचा खांदा धरला म्हणते, खरं हाय का?”

“खरं हाय, काका.”

“मंग मधीच उतरला तं त्याले पुन्हा चढता येते का?”

“नाई येत.”

“हे घ्या!” अण्णाजी बाकीच्यांकडे वळले. “अरे, बिमार माणूस हाय बापा! त्याले काऊन अडवता? जाऊ द्या त्याले.” आणि कवडूजी समोर आले तसं मोठ्याने म्हणाले, “कवडू, खांदा बरा होईस्तोवर उतरू नको. माही परवानगी हाय तुले!”

कवडूजींनी सायकल हळू केली. “पाटील, मी खांद्यापायी नाई उतरत असं नाई. मी—”

“हो हो, समजलं. जाय आता. हात सांभाळजो.”

पारावरचे हसले. वाईट नव्हे, सुटल्यासारखे हसले. भांडण मिटलं होतं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही बरंच वाटलं असणार, कारण अर्धी वस्ती पाटलाच्या शेतात कामाला होती. कोणाचंच काही गेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी जिनातून येताना रामाजी तेल्याच्या घरापाशी उतरले नाहीत, तेव्हा गड्यांनी हँडल धरून विचारलं, “कवडूचा तं खांदा धरला. तुहा काय धरला?” रामाजी खाली उतरले आणि साठ पावलं चालले.

दुसऱ्या दिवशी कवडूजी दवाखान्यात आले.

“साहेब, तुमी काल खरं बोलले,” ते म्हणाले. “पण अर्धं बोलले.”

“मी काय खोटं सांगतलं?”

“खोटं नाई. मले चढता येत नाई, हे खरं हाय. पण मी उतरत नाई, हे कोन सांगन? आता पाटील म्हणते, कवडू बिमार हाय म्हून बसून जाते. ज्याचा खांदा चांगला, त्यानं उतरावं. माह्या खांद्यानं रामाजीले उतरवलं, साहेब.”

मला राग आला. खरं बोललेलं माणसाला परत ऐकवलं की येतो तसा राग. मी म्हणालो, मी इथे औषध द्यायला बसलो आहे, पंचायत करायला नाही, आणि चोळायच्या औषधाची बाटली पुढे सरकवली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरून पाहिली.

“यानं हात वर जाईन?”

“जाईन थोडाफार. कामापुरता.”

“कामापुरता नको. असा पायजे.” त्यांनी डावा हात सरळ वर केला, कानाला लागून. “पारावरून दिसला पायजे.”

शुक्रवारी डॉक्टरांनी त्यांना तपासलं. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, म्हणाले. वर्ष लागेल, दीडही लागेल. चोळून काही होत नाही, हलवत राहायचं. झटका द्यायचा नाही आणि थांबायचंही नाही. ओणवं होऊन लोटा हातात धरून हात झुलवायचा, आढ्यावरून दोर टाकून डाव्या हाताने उजवा ओढायचा, आणि भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. माझ्या बाटलीचा उल्लेखही त्यांनी केला नाही. देखरेख मात्र माझ्याकडे दिली.

भिंत चढायची म्हणजे कुठवर चढला ते कळायला हवं. धुरपताबाईंनी त्यावर उपाय काढला. पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवर, बोटं जिथे थांबतील तिथे त्या कोळशाने आडवी रेघ मारायच्या. दर सोमवारी एक. पहिली रेघ छातीपाशी होती. दुसरी तिच्याच अंगावर पडली. तिसरीही. महिनाभर भिंतीवर एकच जाड रेघ होती, आणि कवडूजी रोज पहाटे, जिनात जाण्याआधी आणि आल्यावर, त्या रेघेपर्यंत जाऊन परत यायचे. ओठ दाबून धरायचे. कपाळावर घाम यायचा.

मी देखरेखीसाठी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या वस्तीत पहिल्यांदा पाय ठेवला. जन्म त्याच गावातला माझा! त्या दिवशी पाणी समोर आलं, मी घेतलं नाही, तहान नाही म्हणालो. चैत्र होता. धुरपताबाईंनी लोटा उचलून नेला. पुढच्या खेपेला मी मागून घेतलं, तेव्हा तोच लोटा आणून दिला. मला दोन्ही वेळा लाज वाटली.

त्याच्या थोडं आधी, फाल्गुनात, एक घोटाळा झाला होता. कवडूजींचा धीर सुटला. रामाजी तरुणपणी आखाड्यात जायचे. त्यांना कोणी सांगितलं होतं की आखडलेला खांदा एका झटक्यात मोकळा होतो. कवडूजी म्हणाले, ओढ. रामाजींनी ओढला. आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला, म्हणजे कवडूजींच्या ओरडण्याचा. हात सुजला, रेघ वीतभर खाली आली, आणि बारा दिवस सायकल बंद. बारा दिवस कवडूजी पाटलाच्या घरासमोरून पायी गेले. पारावरून कोणीतरी म्हणालंच, “आता तं सायकलच गेली.” मी त्यांच्यावर इतका तापलो की वयाचं भान राहिलं नाही. ते खाली मान घालून ऐकत होते. मी दमून थांबलो तेव्हा म्हणाले, “साहेब, चुकलं. रेघ खाली गेली तं गेली. पुन्हा चढवू.”

तेवढ्यात गावात दुसरंच सुरू झालं. घरातले देव नदीत टाकले, ज्या हाताने टाकले तोच हात धरला, असं बाया पाणवठ्यावर बोलायला लागल्या. वस्तीतही दोन-तीन घरं चुळबुळ करू लागली. एकीने धुरपताबाईंच्या तोंडावरच हे म्हटलं. धुरपताबाई डोक्यावर पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो तसाच दोन्ही हातांनी उचलून डोक्याच्या वर धरला आणि म्हणाल्या,

“देव ह्यायनं नाई टाकले वो. ह्यायले वेळ कुठं होता? जिनात गेलते. देव म्या टाकले, ह्याच हातानं. पाय, धरला का?”

बोलणं तिथेच संपलं. मला ही हकीकत रामाजींनी सांगितली आणि सांगताना इतके हसले की मधे दोनदा थांबले.

पावसाळ्यात रेघा हलायला लागल्या. बोटभर, अर्धं बोट, कधी काहीच नाही. खांद्याएवढी झाली, हनुवटीएवढी झाली. जिन बंद असल्याने कवडूजी निंदणीला जायचे, डाव्या हाताने. तिकडे रामाजी जेव्हा जेव्हा रोहण्याला जात, तेव्हा कडुनिंबापाशी उतरत. त्यांचं कवडूजींशी यावर बोलणं होत नसे. फक्त घरी आले की विचारायचे, “आज कुठंवर?” आणि भिंतीकडे बघायचे.

सत्तावन्नची दिवाळी आली. दिवाळीला घर सारवायचं ही सवय दीक्षेने काही जात नाही. धुरपताबाईंनी चारही भिंती नव्या पांढऱ्या मातीने सारवल्या, फक्त त्या रेघांचा वीतभर रुंद पट्टा तेवढा सोडला. नव्या भिंतीत तो जुना, मळका पट्टा खालून वर गेलेला, त्यावर कोळशाच्या चाळीसेक रेघा. मी म्हणालो, “धुरपताबाई, पुसून नवीन सुरू करा की.” त्या म्हणाल्या, “बोटानं चढलेला हाय तो माणूस. पुसू कशी?” मी पुष्कळ घरं पाहिली पुढच्या आयुष्यात, श्रीमंतांचीही. त्या भिंतीएवढी चांगली भिंत मला कुठे दिसली नाही.

नवा हंगाम लागला तेव्हा रेघ डोक्याच्या जरा वर गेली होती. मालकांनी कवडूजींना पुन्हा तेलाच्या शिडीवर चढवलं. मला वाटलं, झालं, आता थांबतील. कामापुरता हात आला होता. पण त्यांना कानाला लागून हवा होता. सकाळच्या थंडीत पेटत्या चुलीपाशी खांदा शेकून ते दोर ओढायचे. अकरा महिने, बारा महिने. एक दिवस चुकला नाही, असं मी म्हणत नाही. ते बारा दिवस चुकले होतेच. पण मी दवाखान्यात बत्तीस वर्षं काढली आणि सांगितलेलं इतकं ऐकणारा दुसरा रोगी मला भेटला नाही. बहुतेकांना गोळी हवी असते.

माघातल्या एका सोमवारी मी गेलो तेव्हा धुरपताबाई पाटावर उभ्या होत्या. रेघ मारायला त्यांचा हात पोचत नव्हता. कवडूजींचा हात कानाला लागून सरळ वर होता, बोटं भिंतीवर टेकलेली, आणि तोंड भिंतीकडे होतं म्हणून ते हसत होते की रडत होते मला दिसलं नाही. मी मात्र रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

“उद्या सकाळी पारावर राह्यजा, साहेब,” ते म्हणाले.

“राहीन, कवडूजी,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर जाऊन बसलो. अण्णाजी शाल पांघरून उन्हात बसले होते, आणखी चौघे-पाच जण होते. वस्तीकडून दोन सायकली आल्या, पुढे कवडूजी, मागे वीस-पंचवीस हातांवर रामाजी. आणि कडुनिंबापाशी कवडूजी सायकलवरून उतरले.

पारावर कोणीतरी कौतुकाने म्हणालं, “पाहा. खांदा बरा झाला, तं उतरला. समजदार हाय.” अण्णाजींनी मान हलवली.

कवडूजींनी काष्टा नीट केला, स्वतःच्या उजव्या हाताने, पाठीमागे. मग दोन्ही हातांनी हँडल धरलं. डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्या पायाने तीन उड्या मारल्या आणि चौथ्या उडीला टांग टाकून सीटवर बसले. स्प्रिंग कुरकुरली नाही. अजून कडुनिंबाची सावलीही ओलांडली नव्हती. तिथून ते सावकाश, वाटेच्या मधोमध निघाले. पारासमोर आल्यावर उजवा हात हँडलवरून सुटला आणि वर गेला. सरळ, कानाला लागून.

“जय भीम, पाटील! खांदा बरा झाला!”

हात तसाच वर धरून ते तेल्याच्या घरापर्यंत गेले. साठ पावलांची जागा, सायकलवर ती कितीशी लागते? पण मला ती फार लांब वाटली.

अण्णाजींनी शाल सारखी केली. ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज गेल्या वर्षीसारखाच मऊ होता.

“आखीन थोडा बाकी असन, नाई का वासुदेव? तू तं डाक्टर.”

मी ‘हो’ म्हणालो असतो, नुसती मान डोलावली असती, तरी पुन्हा सगळं मिटलं असतं. पण ती भिंत माझ्या डोळ्यांसमोर होती.

“नाई, काका,” मी म्हणालो. “पूरा बरा झाला. त्यायले चढता येते, उतरता येते. कवडूजी उतरत नाई.”

कवडूजींनी हे ऐकलं नाही. ते तोवर वळणापलीकडे गेले होते. ऐकलं ते रामाजींनी. ते कडुनिंबापाशी थांबले होते, एक पाय सवयीने जमिनीवर टेकलेला. त्यांनी तो उचलून पायडलवर ठेवला.